शरणप्पा आप्पांच्या घराला हाक

मंडळी, आण्णा, अक्का, मायबहिणींनो, वाडीहून चालत आलेल्या पाव्हण्यांनो. या पारावर आप्पा उभे ऱ्हायचे आन् मी खाली बसायचो. आज मी उभा हाय.  सांभाळून घ्या.

शरणप्पा आप्पा परवा गेले. जुनं गाव डोळ्यानं बघितलेला आपल्यातला शेवटचा माणूस गेला. ओढ्यापल्याडच्या पांढरीत, जिथं आता बाभळी आन् मातीचे उंचवटे हायती, तिथं आपलं गाव होतं. बीदरहून जमिनी मोजायला येणारा गिरदावर तिला ओसाड म्हणतो. म्हणू दे. प्लेग आला, तवा आपले वाडवडील गाव सोडून या माळावर आले. आप्पांचं लगीन नुकतंच झालेलं. नवरी त्या घरातच प्लेगनं गेली. आप्पांनी दुसरं लगीन केलं न्हाई.

येळवशीला, येळ अवसेच्या दिशी, आपण शेतात जातो, अंबील पितो, भज्जी खातो, कडब्याच्या कोपीत लोळतो. आप्पा काय करायचे? अंबिलाची भरली बिंदगी डोक्यावर घेऊन पांढरीत जायचे. एकेका चुलीच्या जागी अंबील शिंपायचे आन् हाक मारायचे. "मल्लप्पाचं घर, अंबील घ्या. मौलाभाईचं घर, अंबील घ्या. काशी अक्काचं घर, अंबील घ्या." जोंधळ्यावरून ती हाक यायची, आन् मला धूर निघायलेली घरं दिसायची. दारात माझा आजा दिसायचा. मी त्याला कधी बघितलंच न्हाई, तरी दिसायचा.

आता एक मनात ठेवलेलं सांगतो. दोन सालामागं आप्पांची मान धरली, म्हणून बिंदगी माझ्या डोक्यावर होती. त्यांनी माझ्या आजाच्या घराला हाक मारली आन् अंबील शिंपलं आडाच्या काठावर. आमचं घर तर वेशीला लागून, आजी सांगायची. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणलं, "आप्पा, जागा चुकली."

आप्पा हसले. "लई सालं झाली चुकून. पावसानं भिंती गेल्या, ध्यानातून जागा गेल्या. नावं तेवढी ऱ्हायली."

"मग शिंपता कामून?"

"माती एकच हाय की रे. मुरतंय, ज्याचं त्याला पोचतंय."

माझा राग गेला. मग इचारलं, "आन् तुमच्या घराला हाक मारत न्हाई, ते कामून?"

 आप्पा हळूच म्हणाले, "आतून तिनं ओ दिली तर? मी परत येईन व्हय?"

मंडळी, एवढ्या येळवशी तो माणूस त्या एका घराला चुकवून परत आला. आपल्यासाठी आला. आपली नावं ऱ्हावीत म्हणून आला.

या येळवशीला बिंदगी माझ्या डोक्यावर असंल. नावं मला येतात. जागा चुकतील, चुकू द्या. पण पहिली हाक त्या घराला. आता ओ आली तरी भ्यायचं कारण न्हाई. दोघंबी घरातच हायती.

उठा सगळे. पांढरीकडं तोंड करा. घडीभर कुणी बोलू नका, कान द्या.

शरणप्पाचं घर, अंबील घ्या.