लख्ख बॅटन

(ओहायोतलं एक लहान गाव. अर्डिथच्या घराचं गॅरेज, सकाळची वेळ. अर्डिथ आणि लव्हॉन, दोघी पंचाहत्तरीच्या पुढच्या. शाळेत असताना दोघी गावच्या बँडपुढे बॅटन, म्हणजे टोकांना रबर असलेली धातूची काठी, फिरवत चालायच्या. अर्डिथला आता जवळजवळ दिसत नाही.)

लव्हॉन : ...आणि शेवटी व्हिनेगर लावलं, तेव्हा कुठे तो चिकटा निघाला. नखं बघ माझी, काय झालीत.

अर्डिथ : कसला चिकटा?

लव्हॉन : अगं, आपल्या पथकातल्या मुलींच्या काठ्यांवरच्या त्या जुन्या पट्ट्यांचा. काळ्या पडलेल्या, बोटाला चिकटणाऱ्या. म्हटलं, म्युझियमची बाई अकराला येणार, तिच्यापुढे हे भंगार काय मांडायचं. तू काल नातीकडे गेलीस, किल्ली माझ्याकडे होतीच. बसले दिवसभर. पट्ट्या सोलल्या, गज घासले, टोकांना नवी रबरं, मधे नवी पांढरी पट्टी. सगळ्या कशा एकसारख्या दिसतायत. आपल्याला बॅटन शिकवणाऱ्या हॅगर्टीबाई असत्या तर पाठ थोपटली असती माझी.

अर्डिथ : सगळ्या केल्यास?

लव्हॉन : एक सोडली नाही.

अर्डिथ : मला खुर्ची दे.

लव्हॉन : का गं? साखर उतरली का? ज्यूस आणते थांब.

अर्डिथ : ज्यूस नको. खुर्ची दे आणि एक काठी दे हातात. कुठलीही.

लव्हॉन : ही घे.

अर्डिथ : दुसरी दे. आता ती पुढची. ती भिंतीकडची.

लव्हॉन : काय चाचपतेस एवढं? दिसत नाही म्हणून सांगते, फार सुरेख झाल्यात.

अर्डिथ : ही कुणाची?

लव्हॉन : मला काय माहीत बाई. नाव कुठे होतं तिच्यावर?

अर्डिथ : पट्टीतच होतं नाव. डोरिन डावखुरी, ती उलटी गुंडाळायची. पॅटीच्या तळव्यांना घाम फार, ती वडिलांच्या कारखान्यातली, वायरींना गुंडाळतात ती खरखरीत पट्टी लावायची. मार्सीनं पेटती काठी फिरवताना हात भाजून घेतला, तेव्हापासून ती पट्टीखाली सुती दोरा भरायची. बोटं फिरवली की मला कळायचं कोण ते. डोळे गेले तेव्हा मी डॉक्टरला म्हटलं होतं, जाऊ देत, माझं काही अडणार नाही.

लव्हॉन : अगं मग लिहून ठेवायचंस ना कुठेतरी.

अर्डिथ : लिहिणार कशाला? बोटांना पाठ होतं.

लव्हॉन : लांबीवरून नाही कळणार?

अर्डिथ : हॅगर्टीबाईंनी सगळ्यांना एकाच मापाच्या मागवल्या होत्या. त्या सोललेल्या पट्ट्या कुठायत?

लव्हॉन : कचऱ्यात टाकल्या. गाडी सकाळीच येऊन गेली. आणि असत्या तरी काय, नुसता गोळा झाला होता त्यांचा.

अर्डिथ : बरं.

लव्हॉन : बरं काय म्हणतेस? ओरड माझ्यावर. मळकी काठी हातात आली की मला राहवतच नाही गं. संचलनाच्या आदल्या दिवशी बाई आपल्याला जिमच्या फरशीवर ओळीनं बसवायच्या, जुनी पट्टी काढा, नवी लावा. तसंच बसले मी काल. गाणीसुद्धा म्हणत होते.

अर्डिथ : बसवायच्या खऱ्या. पण जिची तिनं. दुसरीच्या काठीला हात लावला की मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. एवढंच विसरलीस.

लव्हॉन : ... हो. लावायच्या.

अर्डिथ : ती बाई काठ्या बघायला येत नाहीये, लव्हॉन. काठ्या त्यांच्याकडे पेटीभर पडल्यात. फोनवर म्हणाली, एकेक हातात घ्या आणि ज्या मुलीची असेल तिच्याबद्दल बोला, मी रेकॉर्ड करून घेते. 

लव्हॉन : मग बोल की. मुली तर आठवतायत तुला.

अर्डिथ : नावं आठवतात. नुसत्या नावांचं काय करायचं? पॅटीची काठी धरली की पॅटीचं बोलणं आठवायचं, तो बोबडा र. आता ही धरलीय तर काही येत नाही. गज आहे नुसता.

लव्हॉन : मग असं कर, दे ठोकून. ही डोरिनची, ती पॅटीची. त्या बाईला काय कळणार आहे?

अर्डिथ : तिला नाही कळणार. पण डोरिनची बहीण येतेय आज, खास ऐकायला. डोरिन गेली तेव्हा तिनंच काठी माझ्या हातात दिली होती. म्हणाली, आमच्याकडे कुणी सांभाळायचं नाही, तू सांभाळ. आता तिच्या हातात कुणाची तरी भलतीच देऊ आणि म्हणू, घे, तुझी बहीण?

लव्हॉन : नको रडूस. तू रडलीस की मला काही सुचत नाही.

अर्डिथ : मला म्हातारपणाची भीती नव्हती वाटत. घर रिकामं झालं तरी ह्या पोरी होत्या गॅरेजमध्ये.

लव्हॉन : अर्डिथ, मी काय करू सांग. काहीही सांग.

अर्डिथ : काही करू नकोस. बस इथे. ... गाडी थांबली ना बाहेर?

लव्हॉन : त्याच असतील. सांगू का त्यांना, बरं नाहीये तुला म्हणून?

अर्डिथ : आल्यात एवढ्या लांबून. एक तरी खरी देऊ त्यांना. माझी तर मी मार्सीच्या शवपेटीत ठेवली, तिच्या हाताशी. तुझी आहे ना ह्यांत? ती काढ.

(लव्हॉन एकेक काठी उचलते, फिरवून बघते, परत ठेवते.)

अर्डिथ : लव्हॉन? घंटा वाजतेय.

लव्हॉन : मघापासून तीच शोधतेय गं.