हलका की जड

दुकानदार : ...तर दादा, तुमच्या ऑफिसच्या कामाला हा काळा लॅपटॉप पुरेल. पण मघाशी तुम्ही म्हणालात, कॉलेजच्या विद्यार्थ्याचंही बघायचंय. धाकटा भाऊ का?

आई : विद्यार्थी मी आहे.

दुकानदार : अच्छा. छान, काकू.

आई : दचकलात, तरी चालेल. वर्गात पहिल्या दिवशी सगळे मला मॅडम समजून उभे राहिले. मीही जरा वेळ बसू दिलं नाही कुणाला.

मुलगा : आई, मी सांगू का? ती घरं सजवण्याचा कोर्स करतेय.

आई : सजवण्याचा नाही, घराच्या आतल्या रचनेचा. पडद्यांचे रंग शिकायला चार वर्षं कोण घालवतं?

मुलगा : रचनेचा. तर आमचं असं ठरलंय, माझा जुना लॅपटॉप तिला द्यायचा आणि मी नवीन घ्यायचा. जुना उत्तम चालतो.

आई : आमचं ठरलंय म्हणजे तू गाडीत बोलत होतास आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

दुकानदार : किती जुना आहे?

मुलगा : फार नाही.

आई : ह्याच्या ‘फार नाही’चा हिशोब मी सांगते. ह्याचा फोन माझ्याकडे आला तेव्हा काच तडकलेली. पुढचा आला, त्यात माणूस विहिरीत उतरून बोलतोय असं वाटायचं. सायकल आली ती ब्रेक सोडून. कॉलेजची सॅक आली, तिच्यातून मी भाजी आणते. चेन लागत नाही, तेवढीच भाजीला हवा लागते.

मुलगा : तूच म्हणायचीस, मला काय करायचंय नवीन घेऊन.

आई : म्हणायचे. तेव्हा खरंच काही करायचं नव्हतं. आता करायचंय, म्हणून मला कोरा हवाय. माझ्याकडेच पहिल्यांदा आलेला.

दुकानदार : काकू, त्यावर चालवायचं काय आहे?

आई : आपण आराखडा काढला की घर उभं करून चारी बाजूंनी फिरवून दाखवतं ना, ते. ह्याच्या जुन्यावर घर फिरवलं की आधी बेसिन येतं. भिंती मागाहून, सवडीने. परवा छप्पर आलंच नाही. आणि आतला पंखा असा ओरडतो, की ह्याचे बाबा बाहेरून विचारतात, मिक्सरमध्ये काय अडकलं?

दुकानदार : मग प्रोसेसर दमदार लागेल, ग्राफिक्स कार्ड वेगळं लागेल. हा रुपेरी बघा. पातळ आहे, एका हाताने उचला.

आई : आधी एका हाताने उघडते. हे बघा, झाकणाबरोबर बूडही वर येतंय. रोज असं उपटायचं म्हटलं तर बिजागरी किती दिवस धरेल?

दुकानदार : तुम्ही आधी कुठे कामाला होतात?

आई : घरातच. तिथे सगळं वॉरंटी संपल्यावरच चालवायचं असतं. हा पेनड्राइव्ह घ्या. तुमचे ते पडद्यावर पोहणारे मासे नकोत, माझं घर फिरवून दाखवा.

दुकानदार : द्या. कॉलेजची मुलं येतात, म्हणून तुमचं सॉफ्टवेअर टाकूनच ठेवलंय, ह्या रुपेरीवर आणि शेजारच्या जाडजूडवर.

(दुकानदार रुपेरी लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावतो. पडद्यावर एक घर उभं राहतं.)

मुलगा : अगं, हे आपलंच घर आहे.

आई : पहिल्या वर्षाला आपापलं घर काढायला सांगतात. जसं आहे तसं.

दुकानदार : बघा काकू, भिंती आल्या, छप्परही आलं. पण खरं सांगतो, हा पातळवाला सुरुवातीला पळेल, गरम झाला की स्वतःच वेग कमी करेल. त्याला आत वारा खेळायला जागा नाही. हा दुसरा जाडजूड. प्रोसेसर तोच, पण दोन पंखे, तासन्‌तास एकाच चालीने चालेल. रॅमही पुढे वाढवता येईल, पातळमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. टिकायचा म्हणाल, तर हाच.

आई : मग अडलंय कुठे?

दुकानदार : जड आहे. चार्जर विटेएवढा. बॅटरीवर लवकर दमतो, म्हणजे कायम प्लगपाशी. त्याला स्वतःचं टेबल लागतं. म्हणून एकच सांगा, लॅपटॉप एका जागी राहणार की फिरणार?

आई : फिरणार.

मुलगा : कॉलेजला नेणार आहेस?

आई : कॉलेजात त्यांचे आहेत. घरातच फिरणार. सकाळी ओट्यावर, कुकर उतरेपर्यंत. बाबांच्या बातम्या संपल्या की सोफ्यावर. दुपारी पलंगावर, उशी घेऊन.

दुकानदार : उशीवर नका ठेवू, खालची हवेची जाळी बंद होते.

आई : बरं, उशी काढली. मग जेवणाचं टेबल, ताटं येईपर्यंत.

दुकानदार : मग काकू, हलकाच घ्या. प्रोसेसर थोडा खालचा देतो, तापणार नाही. छप्पर जरा उशिरा येईल.

आई : येईल ना? मग तोच दाखवा. उशिराची सवय आहे मला.

मुलगा : थांबा जरा. आई, पडद्यावरच्या ह्या घरात तुझं टेबल कुठेय? बाबांची खुर्ची आहे. चपलांचा स्टँड आहे. माझं टेबल आहे, वर दिव्याची वाकडी मानसुद्धा काढलीयस.

आई : जे आहे तेच काढायचं होतं. सरांनीही विचारलं, ह्या घरातला विद्यार्थी बसतो कुठे?

मुलगा : मग?

आई : मी म्हटलं, तो आता ऑफिसला जातो.

दुकानदार : काकू... हलका काढू ना?

मुलगा : जड काढा.

आई : अरे, आणि ठेवू कुठे? डोक्यावर?

मुलगा : माझ्या टेबलावर. दिवसभर काय असतं त्याच्यावर? इस्त्रीचे कपडे.

आई : आणि संध्याकाळी तू आलास की?

मुलगा : मी सोफ्यावर बसेन.

आई : आठवडाभर बसशील. मग म्हणशील, मान दुखते.

मुलगा : म्हणेन. तू उठू नकोस.

दुकानदार : दादा, मग तुमचा तो काळा?

मुलगा : राहू दे. माझा जुना उत्तम चालतो.

आई : ऐकलंत? आता छप्पर ह्याच्या डोक्यावरचं गेलं. भाऊ, ते घर जरा फिरवा. त्या टेबलापाशी आणा. हां, इथे. खिडकी कुठल्या हाताला येते बघू दे. काढली मीच आहे, पण तिथे बसून कधी बघितलं नाही.