‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणतं?

तुम्ही विचारताय म्हणून सांगते, नाहीतर त्या नियमावलीचं नाव काढलं तरी मला जांभया येतात. आमच्या प्रकाशनाची नाटकं ई-पुस्तकात नीट दिसावीत म्हणून खुणा ठरवायचं काम माझ्याकडे आहे. पात्राला एक खूण, संवादाला दुसरी, गाण्याला आणखी वेगळी. त्यात एक नियम कडक: प्रत्येक वाक्याला बोलणारा हवा आणि त्याचं नाव पात्रयादीत हवं. नाहीतर संगणक अख्खी फाइल परत करतो.

पावस गावच्या नानांनी लिहिलेल्या नाटकात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि दर ओळीमागे येतं, ‘व्हय म्हाराजा!’ बोलणाऱ्याचं नावच नाही. फाइल चौथ्यांदा परत आली, तेव्हा मी नानांना फोन लावला.

“नाना, हे कोण म्हणतं?”

“सगळे.”

“यादीत तर सहाच पात्रं आहेत.”

“अगो, समोर बघायला बसलेलेही म्हणतात.”

“प्रेक्षक यादीत कसे घालू? काढून टाकू का ते?”

“मग नाटकच परत पाठव.”

मी कपाळाला हात लावला. फोन स्पीकरवर होता. नानांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, ह्या पोरीच्या डोक्यावरचा नियमांचा भार हलका कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी म्हटलं. दाढी करता करता नवऱ्यानेही म्हटलं.

“आता सांग,” नाना म्हणाले, “ह्यातलं कोण होतं तुझ्या यादीत?”

फाइल त्याच दिवशी पास झाली. यादीत आता सातवं पात्र आहे: ‘जो ऐकेल तो’.