चांगली बाजू

शवागाराबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. पलीकडे तिचा धाकटा दीर, अंगावर खाणीच्या पहारेकऱ्याचा गणवेश.

"वहिनी, ॲम्ब्युलन्स आपल्याच घरी चाललीय हे मला काय माहीत?"

"म्हणजे दुसऱ्या कुणाकडे चालली असती, तर अडवलेली चालत होती?"

"अडवली नाही हो. फक्त रस्त्याच्या चांगल्या बाजूने येऊ दिली नाही. ती बाजू खनिजाच्या गाड्यांची. बंदरावर जहाज ताटकळतं."

"आणि आपल्याकडे यायची बाजू? तिथे बैलसुद्धा अडखळतो!"

"परदेशी कंपनीने भरल्या गाड्या जातात तेवढीच बाजू बांधली. करारावर सही सरकारची आहे, माझी नाही."

"ड्रायव्हरवर बंदूक तर तुम्हीच रोखलीत ना?"

"गेल्या साली बंडखोरांनी दोन गाड्या जाळल्या. तेव्हापासून तसा हुकूमच आहे. कंपनीचं मीठ खातो, वहिनी."

"मीठ त्यांचं, भाऊजी. डोंगर कुणाचा?"

"हळू बोला, लोक बघतायत."

"बघू देत! साप चावलेला माणूस उंबऱ्यात बसून मलाच धीर देत होता. म्हणे, नाक्यावर धाकटा आहे, गाडी लगेच सोडेल."

"पुरे ना, वहिनी. दादाला इकडे आणताना तरी मी खनिजाच्या गाड्यांचा सगळा ताफा थांबवला. साहेबाला विचारलंसुद्धा नाही."

"हो, पाहिलं मी. काय गुळगुळीत रस्ता आहे तुमचा! त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, एकदासुद्धा हललं नाही."