बिनजोत्याचं घर

विनीत : म्हणजे घर इथे, गोठ्यामागे, तूच आणायला सांगितलंस?

गोदा आत्या : हो म्हटलं ना. तिथं ऊन फार लागायचं.

विनीत : फणसाच्या सावलीत ऊन? आत्या, ती जागा मी दोन उन्हाळे बघून ठरवली होती. दार विहिरीकडे, मागून वारा. इथे दार उघडलं की समोर शेणाचा ढीग.

गोदा आत्या : शेणाला काय झालं? तू च्या घे. गार होतोय.

विनीत : उद्या सकाळी मासिकवाले येतायत फोटोला. सोबत मुंबईचे आर्किटेक्ट. त्यांना मी काय सांगून ठेवलंय माहीत आहे? जमिनीला ओरखडा न काढता उभं राहिलेलं घर. माझ्या आत्याचं घर.

गोदा आत्या : मग काढा की फोटो. हितं काय उजेड नाय?

विनीत : संदेश! अरे संदेश, जरा इकडे ये.

गोदा आत्या : चुलतभावाला कशाला हाक मारतोस? त्याची कामं हायत.

संदेश : काय बोलतो, आर्किटेक्ट? कधी आलास?

विनीत : हे कोणी हलवलं?

संदेश : आम्हीच. मी, निलेश, वाडीतली पोरं. आत्या बोलली नाय तुला?

गोदा आत्या : संदेश, तू जा. पेट्या भरायच्या हायत ना?

संदेश : पिकअप लावायला जागाच नव्हती रे. आंब्याचा सीझन तोंडावर. आणि तूच दाखवलंस ना, पिना काढायच्या, खालून बांबू घालायचे, उचलायचं. वर हसत बोललास, पालखीसारखं नाचवा. एक भांडं पडलं नाय आतलं. मस्त बनवलंयस हां.

विनीत : तेव्हा आत्या कुठे होती?

संदेश : मांडवीला. चिमाच्या पोराचं बारसं होतं. अरे, घर तर घर, इथं काय नि तिथं काय! चल, गाडी सुटायचीय माझी.

विनीत : आत्या, तू बारशाहून आलीस आणि घर जागेवर नव्हतं?

गोदा आत्या : रिक्षावाल्याला म्हटलं, फणसाखाली सोड. सोडलान. बघते तर पिकअप. तो मेला माझ्या तोंडाकडं बघतोय. म्हटलं, मीच सांगितलेलं हलवायला, इसरलेच बघ. हसले पन.

विनीत : मग मला फोनवर का नाही सांगितलंस?

गोदा आत्या : काय सांगू? माझं घर उचलून गुरांच्या मागं ठेवलानी नि मला कोणी इचारलानी नाय? हे सांगायचं असतं काय कोणाला?

विनीत : मला तरी सांगायचं.

गोदा आत्या : मग शिमगा आला. पालखी वाडीत घरोघर. गावकार म्हणाले, गोदाबाईंकडं देव बसवायचा कुठं? जोतंच नाय घराला. संदेश म्हणाला, आमच्या मोठ्या घरातच आना, तिची ओटी हितंच भरंल. नारळ घेऊन सुनांच्या मागं उभी राहिले. पाहुनी आल्यागत.

विनीत : मी आत्ता पोरं गोळा करतो. अंधार पडायच्या आत घर परत फणसाखाली.

गोदा आत्या : परत उचलनार?

विनीत : जागेवर ठेवायला, आत्या.

गोदा आत्या : मला इचारलंस?

विनीत : चुकलं.

गोदा आत्या : आता मी इचारते. जोतं का नाय घातलंस?

विनीत : तीच तर कल्पना आहे त्यात. आता जगभर घरं हलकी करतायत. दगड नको, सिमेंट नको, खणणं नको. माणूस निघाला की घरही त्याच्याबरोबर निघालं पाहिजे.

गोदा आत्या : मी कुठं निघाले व्हते?

विनीत : तसं नाही गं...

गोदा आत्या : तुझी ठाण्याची बिल्डिंग हलते काय?

विनीत : नाही.

गोदा आत्या : दादान सांगितलान ना? तुझ्या बापसान?

विनीत : बाबा एवढंच म्हणाले, जोतं घातलं की कायमचं झालं. माहेरी परत आलेली बहीण, उद्या जमिनीत हिस्सा सांगेल. बिनजोत्याचं असलं की कधीही बाजूला करता येईल. मी म्हटलं, मला तसंही हलकंच घर करायचंय. दोघांचंही काम झालं.

गोदा आत्या : तिघांचं. संदेशचं पन झालं.

विनीत : आत्या, तुझ्याकडे बघवत नाही मला. काय करू, सांग.

गोदा आत्या : फणसाखाली चिऱ्याचं जोतं बांध. त्यावर हेच घर ठेव. घर आवडतं रे मला, वारा खेळतो. पन पायाखाली चिरा हवा. आत्ताच दादाला फोन करून सांग तसं. माझ्यापुढ्यात नको, बाहेर जा. बापसाशी बोलायचं, तुला अवघड व्हईल.

विनीत : सांगतो. आत्ता सांगतो.

(बाहेर, फोनवर)

विनीत : हॅलो, बाबा... हो, पोचलो मघाशीच... बरी आहे... हो, हलवलंय त्यांनी, गोठ्यामागे... नाही, तक्रार काही नाही तिची... जोतं? नाही हो, ती कशाला मागेल... फोटो उद्या. उलट बरंच झालं, खरंच हलतं म्हणून छापता येईल... हो. हो, बाबा. ठेवतो.

गोदा आत्या : लागला काय रे?

विनीत : नाही. इथे रेंजच येत नाही. उद्या बोलतो निवांत.

गोदा आत्या : विनीत, भिंत कापडाची हाय रे.