खोकल्याच्या पानांची पुडी

धाकटी : फाटकापर्यंत पळत गेले आणि पुडी परत घेतली त्यांच्याकडून. म्हटलं, शिंपीणबाई, आमच्या जाऊबाई म्हणतात ही पानं जून आहेत, ताजी तोडून देतो.

थोरली : मी असं काही म्हटलं नव्हतं.

धाकटी : नव्हतं. मग काय सांगायचं होतं? खोकल्याच्या पानांऐवजी ताईंनी कुंपणाजवळच्या विषारी घंटीफुलाची पानं बांधून दिलीत, काढा घ्या आणि हृदय बंद पाडून घ्या, असं?

थोरली : दाखव.

धाकटी : बघा ना.

थोरली : कोवळी आहेत. वाफे शेजारी, आणि फूल येईपर्यंत दोन्ही सारखीच दिसतात. तशीच लांबट, तशीच लवदार.

धाकटी : हे तुम्हीच शिकवलंत मला, लग्न होऊन आले त्या वर्षी. डोळ्यांचं ऐकायचं नाही, पान चुरगाळायचं, नाकाशी धरायचं, मगच तोडायचं. एकवीस वर्षं झाली, पुदिन्याची काडीसुद्धा तुम्ही हुंगल्याशिवाय घरात येत नाही. आज मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वरून दिसलं. तुम्ही पान चुरगाळलंत, नाकाशी नेलंत, आणि तोडलंत. घंटीफुलाच्या वाफ्यात उभ्या राहून.

थोरली : बस आधी. पाणी घे.

धाकटी : पाणी नको. ताई, तुम्हाला वास येत नाही.

थोरली : सर्दी झालीय.

धाकटी : आठ महिने?

थोरली : ...तुला कधी कळलं?

धाकटी : तापातून उठलात त्यानंतर पंधरा दिवसांनी. दूध तळाला लागलं होतं, ओतून द्यायला बाजूला ठेवलेलं. तुम्ही त्यातलंच घालून कॉफी केलीत, कपभर प्यायलात आणि लिहायला बसलात. मला वाटलं, लेखाच्या तंद्रीत असाल. मग रविवारी पेपरात तो लेख आला, भाजलेल्या भोपळ्याचा. ओव्हन उघडला की मधाचं पोळं फोडल्यासारखा वास घरभर पसरतो, असं लिहिलं होतंत. त्या दिवशी भोपळा करपला होता, ताई. हे घरभर खिडक्या उघडत फिरत होते. आणि तुम्ही त्या धुरात बसून मधाचा वास लिहीत होतात.

थोरली : मागच्या वर्षीच्या भोपळ्याचा होता तो.

धाकटी : छान लिहिला होतात. दोनदा वाचला मी.

थोरली : मग तेव्हाच का नाही बोललीस?

धाकटी : तुम्ही माझ्या थोरल्या. थोरल्या जावेला कसं विचारायचं, तुमचं नाक चालतंय का म्हणून? वाटलं, आपणहून सांगतील.

थोरली : डॉक्टरकडे जाऊन आले होते. तुला बियाणं आणायला जाते म्हणून सांगितलं होतं.

धाकटी : त्या दिवशी बियाणं न आणताच आलात.

थोरली : ते म्हणाले, कुणाचं परत येतं, कुणाचं येत नाही, धीर धरा. तोच धरून बसले. रोज सकाळी वाफ्यांतून फिरते आणि एकेक पान चुरगाळते. कागद चुरगाळावा तसं. जेवताना खारट कळतं, आंबट कळतं, कडू कळतं. बाकी सगळा भिजलेला पुठ्ठा. आणि संपादक म्हणतात, लेखांचं पुस्तक करू, तुमच्यासारखं वासाबद्दल कुणी लिहीत नाही. काय सांगणार होते मी? नाक कापलं गेलं असतं.

धाकटी : जे आधीच गेलंय ते कोण कापणार?

थोरली : हसवू नकोस. आज माणूस मेलं असतं. ती वही दे इकडे. पाल्याची. आठ महिन्यांत कुणाकुणाला काय दिलं ते बघू दे. एकेकाच्या घरी जाते.

धाकटी : नका जाऊ. अकरा पुड्या गेल्या. सगळ्या बरोबर होत्या.

थोरली : तुला काय माहीत?

धाकटी : तुम्ही पुडी बांधून टेबलावर ठेवायचात आणि हात धुवायला जायचात. मी सोडायचे, हुंगायचे, परत बांधायचे. दोनदा पानं बदलली. आज तेवढी गच्चीवर अडकले.

थोरली : ...म्हणजे इतके दिवस औषध तू देत होतीस.

धाकटी : ती दोनदा सोडली तर पानं तुमचीच होती. गाठ फक्त माझी.

थोरली : आणि मला वाटत होतं, नाक नसलं तरी हात चुकत नाहीत माझे. तीस वर्षं पानं तोडल्यावर आता हात आपोआप चालतात, असं स्वतःलाच सांगत होते. त्याच भरवशावर देत राहिले गं मी. तू सांगितलं असतंस तर थांबले असते.

धाकटी : हं. चुकलं माझं. मला वाटलं, सांभाळून घेतेय.

थोरली : दोघींचं चुकलं. माझं जास्त.

धाकटी : आता असं करू. तुम्ही तोडा, मी हुंगते, मगच द्यायचं. लेखाचंही तसंच. कुणाला कळायचं कारण नाही.

थोरली : नाही. इतके दिवस कुणाला कळलं नाही, म्हणूनच ती पुडी फाटकापर्यंत गेली. माझ्या चपला कुठे आहेत?

धाकटी : आत्ता कुठे निघालात? शिंपीणबाईंना काही झालेलं नाही.

थोरली : झालं नाही ते तुझ्यामुळे. काय होणार होतं, ते त्यांना माझ्या तोंडून कळू दे.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात.)

धाकटी : काल विचारायचं राहिलं. शिंपीणबाई रागावल्या का?

थोरली : शिवत होत्या. मशीन चालूच ठेवलं. मी सगळं सांगितलं, पान कोणतं होतं, प्यायल्या असत्या तर काय झालं असतं, सगळं. मग बाही पुरी केली, दोरा तोडला आणि म्हणाल्या, सुईत दोरा ओवायला चार वर्षं नवऱ्याला हाक मारतेय, गिऱ्हाइकाला कळू देत नाही.

धाकटी : म्हणजे माफ केलं.

थोरली : तसंच काही नाही. पुढे म्हणाल्या, पण माझी बाही चुकली तर कुणी मरत नाही. यापुढे पुडी धाकटीच्या हातून घेईन. मी म्हटलं, बरोबर आहे. खोकला जुना वाटला, म्हणून त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलं. त्यांचा नंबर येईपर्यंत थांबले.

धाकटी : आणि सकाळी फोन आला तो?

थोरली : संपादकांचा. पहाटेच लेख पाठवून दिला होता मी. आठ महिन्यांतले सगळे वास आठवणीतले होते, आणि माझ्या हातून काय होता होता राहिलं, तेही लिहिलंय. ते म्हणाले, एवढं कशाला, शेवटी दोन ओळींत उरका. मी म्हटलं, छापायचा तर सगळा छापा. छापतायत. पुस्तकाचं मात्र, बघू, म्हणाले.

धाकटी : बघू म्हणजे नाही.

थोरली : बघू म्हणजे बघू. इकडे ये. पुढच्या आठवड्यात लसणावर लिहायचंय. पेपरवाल्यांना सांगितलंय, लेख दोघी जावांचा असेल.

धाकटी : मला कुठे लिहिता येतं? मला दोनच वास कळतात, चांगला आणि वाईट.

थोरली : अकरा पुड्या हुंगल्यास तेव्हा दोनच कळत होते का? उभी राहा इथे. तेल तापलंय, टाकते. काय येतंय?

धाकटी : काही नाही. कच्चा आहे. डोळ्यांत जातोय नुसता.

थोरली : हं. आणि आता?

धाकटी : आता जरा... हसू नका हं. ऊन लागलेल्या भिंतीला पाठ टेकून बसलं की येतो ना, तसा. कोरडा, पण उबदार.

थोरली : मी हसत नाहीये. बोल.

धाकटी : गोडसर होत चाललाय. थांबा. अजून थोडा. ताई, आता उतरवा.