रेघेबाहेरचे चार ठिपके

हॅलो? आई? … हेमलता बोलतेय, जळगावहून, लॅबमधून. … हो, जेवले. अगं जेवले ना, मेसमधलंच… ऐक ना आधी!

ते केळ्यांचे आकडे… हो, मागच्या खोलीतल्या घडाचे. रोज सकाळी एक केळं कुस्करून, मी दिलेल्या यंत्रावर गोडी मोजून तू वहीत लिहिलेस ना, तेच. कॉम्प्युटरमध्ये टाकले. तो त्या ठिपक्यांमधून रेघ काढतो, केळं किती वेगानं पिकतंय ते सांगणारी. … हो, पण सोमवार ते गुरुवारचे ठिपके रेघेवर बसतात, अन् शुक्रवारपासूनचे चार पार वर पळालेत! सर म्हणतात, आईंनी चुकीचं वाचलं. ते चार खोडा, नाहीतर सगळा प्रयोग पुन्हा करा. अन् प्रबंध द्यायला उरलेत आठ दिवस! … मलाही राग आला! चष्मा लावून दोनदा वाचतेस तू, मला माहीत नाही का?

खोलीत कोणी गेलं होतं? … आबा? … नाही. दार उघडं राहिलं? … नाही. मग गुरुवारी तू काय काय केलंस? … हं… सारवलं… हं… काय? परत बोल. धूप? … दर गुरुवारी बठ्ठ्या घरात, खोलीखोलीतून फिरवतेस, माहितीये गं, पण घडाजवळ? … धुपाटणं तिथंच ठेवून दार लावलं? माय वं!

रडू नको… वाटोळं नाही झालं, उलट… अगं ऐक ना! धुरानं केळी लवकर पिकतात. आपल्या शिरपूरकडे पूर्वी धूर देऊनच पिकवायचे ना? … तेच! थांब, फोन ठेवू नको. गुरुवारी रेघ तोडते… शुक्रवारपासून वेगळी… दाबलं बटण…

बसली! आई, बसली गं! चारही ठिपके रेघेवर! तुझा एकही आकडा चुकला नव्हता!

धुपाटण्यात काय होतं? … नारळाच्या शेंड्या, मूठभर. मूठ तुझी की आबांची? … हसू नको, लिहायचंय मला. आता दुसरा घड टांग, अन् मुद्दाम धूप दे, पुन्हा तसंच होतं का बघू.

थांब, सर आले. … सर, एकही ठिपका खोडायचा नाही! का, ते मोजणाऱ्या बाईंनाच विचारा, फोनवर आहेत. … आई, सर बोलतात हं. … हॅलो? … आई?

ठेवला, सर. … नाही हो, घाबरली कसली! धुपाटणं पेटवायला गेली असेल.